खिशातला घडीचा चाकू घेताना: आधी ब्लेड ठरवा, मग चाकू

बदलत्या ब्लेडचा घडीचा चाकू घ्यायचा विचार असेल, तर सगळ्यात आधी हे विचारा: त्याचं सुटं ब्लेड माझ्या गावात, माझ्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं का? मूठ कशाची, कंपनी कुठली, एका हाताने उघडतो का, हे सगळं त्यानंतर. नवा माणूस बहुतेक वेळा उलटा जातो. फोटो पाहून देखणा चाकू मागवतो, काही महिने हौसेने वापरतो, ब्लेड बोथट होतं, आणि मग कळतं की त्या मापाचं ब्लेड इथे मिळतच नाही. चाकू खणात जाऊन पडतो. म्हणून मी ब्लेडपासून सुरुवात करून चाकूकडे येणार आहे.

आधी हा प्रकार नेमका काय ते. साध्या घडीच्या चाकूत पातं मुठीला कायमचं जोडलेलं असतं आणि धार गेली की दगडावर लावावी लागते. आपण बोलतोय त्या चाकूत पात्याच्या जागी धातूची एक पकड असते. तिच्यात छोटं, पातळ, कारखान्यातूनच धार लावून आलेलं ब्लेड बसतं. धार गेली की ते काढायचं, नवं बसवायचं. ही पकड ब्लेडसकट मुठीत मिटते, त्यामुळे चाकू निर्धास्तपणे खिशात ठेवता येतो.

रोजच्या वापराला हा प्रकार मला मनापासून पटतो, आणि त्याचं कारण आहे पुठ्ठा. हल्ली घराघरात सगळ्यात जास्त कापला जातो तो पार्सलचा तपकिरी पुठ्ठा. तो मऊ वाटतो, पण धार झपाट्याने खातो, कारण त्यात खनिजांचे बारीक कण असतात. जुन्या कागदाचा लगदा करून बनवलेल्या पुठ्ठ्यात तर जास्तच. महागड्या पोलादाचा चाकूसुद्धा खोक्यांवर चालवत राहिलं की मंदावतो. धार लावणं ही शिकण्यासारखी कला आहे, पण त्यासाठी दगड लागतो, कोन सांभाळावा लागतो, हात बसावा लागतो. तेवढी सवड प्रत्येकाला नसते. मग चाकू तसाच बोथट वापरला जातो, आणि बोथट चाकू जास्त धोक्याचा. त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोरात असताना हात निसटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. नवं ब्लेड काही रुपयांत येतं आणि ही अडचण तिथेच मिटते.

पायरी १: आपण रोज काय कापतो ते पाहा

आठवडाभर लक्ष ठेवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची यादी साधारण अशी निघेल: पार्सलची चिकटपट्टी, पुठ्ठा, प्लॅस्टिकचा बांधणीपट्टा, दोरी, गणपतीच्या आधी मखरासाठी पुठ्ठा आणि कापड. इलेक्ट्रिशियनला वायरचं आवरण सोलायचं असतं. मंडपवाल्याला फ्लेक्स आणि दोर कापायचे असतात. शेतात मल्चिंग पेपर, शेडनेट, सुतळी, खताची गोणी, ठिबकची बारीक नळी असते. ही सगळी कामं पातळ, धारदार ब्लेडची आहेत आणि ती या चाकूने उत्तम होतात.

काही कामं मात्र याची नाहीत, आणि ती आधीच बाजूला काढलेली बरी. डब्याचं झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, फांदी तासणं, नारळाच्या शेंड्या ओढणं, यांत ब्लेडला आडवा ताण बसतो. बदलतं ब्लेड कडक आणि पातळ असतं. ते सरळ कापताना टिकतं, पिळलं की तडकतं, आणि तुकडा कुठे उडेल याचा भरवसा नसतो. सह्याद्रीत भटकायला जाणाऱ्यांनी म्हणूनच पक्क्या पात्याचा साधा घडीचा चाकू न्यावा. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० पासून बनणारा लाकडी मुठीचा ओपिनेल किंवा स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स हे त्यातले जुने, भरवशाचे पर्याय.

कलमं बांधणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. आंब्याच्या किंवा द्राक्षाच्या कलमाला काप अगदी सपाट यावा लागतो, तरच दोन्ही अंगं नीट जुळतात. त्यासाठी कलमाच्या चाकूच्या पात्याची बहुधा एकच बाजू घासून धार काढलेली असते, दुसरी बाजू सपाट असते. हार्डवेअरच्या दुकानातल्या सुट्या ब्लेडची धार दोन्ही बाजू घासून काढलेली असते, त्यामुळे हात कितीही स्थिर असला तरी काप तितका सपाट येत नाही. कलमाचा चाकू वेगळाच ठेवा.

आणि काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात असेल, दिवसभर खोकीच फोडायची असतील, तर घडीचा चाकू घेऊच नका. तिथे हात सुटला की ब्लेड आपोआप आत जाणारा सेफ्टी कटर हवा. जर्मनीत झोलिंगेनची मार्टर कंपनी असेच कटर बनवण्यासाठी ओळखली जाते.

पायरी २: ब्लेडचा प्रकार ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

पहिला, समलंब चौकोनी ब्लेड. वरची बाजू आखूड, खालची धारेची बाजू लांब, दोन्ही टोकं तिरकी आणि वरच्या कडेला बहुतेक वेळा दोन खाचा. लांबी साधारण ६१ मिलिमीटर, रुंदी १९ मिलिमीटर, जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास. स्टॅन्ली, बॉश, मिलवॉकी आणि बहुतेक नामांकित कंपन्यांचे घडीचे युटिलिटी चाकू, म्हणजे बदलत्या ब्लेडचे कामाचे चाकू, हेच माप घेतात. त्यामुळे एका कंपनीच्या चाकूत दुसऱ्या कंपनीचं ब्लेड बसतं. याची मोठी खुबी म्हणजे एका वेळी अर्धीच धार बाहेर असते. ती गेली की ब्लेड उलटं करून बसवायचं, दुसरं टोक नवं कोरं मिळतं. बाहेर राहणारी धार जेमतेम एक इंच असते. पाहणाऱ्याला ती अपुरी वाटते, पण रोजच्या कामात त्याहून खोल कापायची वेळ फार क्वचित येते. शिवाय एवढंसं टोक पाहून शेजारचा माणूस दचकत नाही, हाही फायदाच.

दुसरा, मोडत्या ब्लेडचा कटर. आपल्याकडे शाळेपासून ऑफिसपर्यंत ज्याला नुसतं ‘कटर’ म्हणतात तोच. जपानमध्ये ओसाकाच्या योशिओ ओकाडा यांनी १९५६ मध्ये हा घडवला. ते छापखान्याशी संबंधित कामात होते आणि कागद कापताना ब्लेडचं फक्त टोकच झिजतं हे त्यांना रोज दिसत होतं. चपला-बूट बनवणारे कारागीर काचेच्या फुटक्या तुकड्याने कातडं कापत आणि धार गेली की काच पुन्हा फोडत. चॉकलेटच्या वडीवर मोडण्यासाठी रेषा असतात. या दोन गोष्टी जोडून त्यांनी रेषा पाडलेलं लांब ब्लेड बनवलं आणि त्यातून पुढे ओल्फा कंपनी उभी राहिली. ९ मिलिमीटर रुंदीचं ब्लेड कागदाला, १८ मिलिमीटरचं पुठ्ठ्याला आणि जाड कामाला. हे ब्लेड गावोगावी मिळतं. पण हा कटर सरकता असतो, मिटत नाही. खिशात असताना सरक चुकून पुढे गेली तर ब्लेड थेट मांडीला लागतं. टेबलावर, दप्तरात, हत्यारांच्या पेटीत तो उत्तम आहे. पँटच्या खिशात मी त्याला जागा देणार नाही.

तिसरा, शस्त्रक्रियेच्या ब्लेडचा किंवा त्याच घाटाच्या ब्लेडचा चाकू. इंग्लंडमधल्या शेफिल्डची, १९३२ साली सुरू झालेली स्वॉन-मॉर्टन ही अशा ब्लेडची प्रसिद्ध कंपनी. ही धार अचाट असते, पण ब्लेड इतकं पातळ असतं की जरा आडवा दाब बसला तरी मोडतं. ते बदलताना चिमटा किंवा खास अवजार लागतं. नुसत्या बोटांनी काढायला जाणं म्हणजे जखमेला निमंत्रण. नव्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. मॉडेल बनवणारे, कागदावर नक्षी कापणारे, प्रयोगशाळेत काम करणारे यांच्यासाठी तो ठीक आहे, तोही टेबलावर.

चौथा, कंपनीच्या स्वतःच्या मापाचं लांब ब्लेड. अमेरिकेतल्या हॅव्हॅलॉन आणि आउटडोअर एज या कंपन्यांचे चाकू यात येतात. तिथे हरणाची शिकार करणारे कातडं सोलताना मध्येच धार लावत बसायला नको म्हणून असे चाकू वापरतात. फोटोत हे फार सुंदर दिसतात, पूर्ण चाकूसारखे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे ज्या कामासाठी ते बनले ते कामच इथे नाही, आणि त्यांची सुटी ब्लेडं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाहीत.

माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिला चाकू समलंब चौकोनी ब्लेडचाच घ्या. दुसरा घ्यावासा वाटेल तेव्हा काय हवं ते तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.

पायरी ३: चाकूच्या आधी ब्लेडचं पाकीट विकत घ्या

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण करून पाहा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळ, तुमच्या तालुक्याच्या गावातलं हार्डवेअरचं दुकान, जिथे सहज जाता येईल तिथे जा आणि युटिलिटी चाकूच्या ब्लेडचं पाकीट मागा. नावावरून समजलं नाही तर आकार आणि माप सांगा, किंवा मोबाइलवर चित्र दाखवा. पाकीट मिळालं की निम्मं काम झालं. दुकानदाराने तीन दुकानं पुढे पाठवलं आणि तिथेही नाही म्हणाले, तर ब्लेड ऑनलाइन मागवावं लागेल हे धरून चला आणि एकदम मोठं पाकीट घ्या.

पाकिटावर बहुधा पोलादाची जात छापलेली असते. एसके५ म्हणजे सुमारे ०.८ ते ०.९ टक्के कार्बन असलेलं पोलाद, एसके२ मध्ये तेच प्रमाण सुमारे १.२ टक्के. कार्बन वाढला की धार जास्त टिकते, पण ब्लेड ठिसूळही होतं. रोजच्या पुठ्ठ्याला एसके५ पुरेसं आहे. काही पाकिटांवर ‘बायमेटल’ लिहिलेलं असतं: धारेची पट्टी खूप कडक अशा हायस्पीड स्टीलची आणि मागचा भाग लवचिक पोलादाचा. ही ब्लेडं महाग असतात, पण सहज तुटत नाहीत. साइटवर, छतावर, अडचणीच्या जागी काम करणाऱ्याने पैसे मोजून हीच घ्यावीत. सोनेरी मुलामा असलेली ब्लेडंही दिसतील. तो टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो. मुलाम्याच्या रंगावर भाळू नका; खालचं पोलाद कुठलं आहे ते वाचा.

साधी पोलादी ब्लेडं गंजतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडं ठेवलेलं ब्लेड लगेच लाल पडायला लागतं. खाण्याच्या वस्तूंसाठी मुळातच हा चाकू वापरू नये: नव्या ब्लेडवर तेलाचा थर असतो, पकडीच्या फटीत गोंद आणि पुठ्ठ्याची धूळ अडकते आणि ती नीट धुता येत नाही. पेरू कापायला घरची सुरी आहे.

आकाराचे आणखी दोन पर्याय लक्षात असू द्या. गोल टोकाचं ब्लेड मिळालं तर कपड्यांची पार्सलं उघडायला ते फार चांगलं, कारण टोक आतल्या कापडात रुतत नाही. घरात लहान मुलं असतील तरीही तेच बरं. आकड्यासारखं वळलेलं ब्लेड जमिनीवर अंथरायचं लिनोलियम, गालिचा आणि बांधणीपट्ट्यासाठी असतं. त्याच चाकूत तेही बसतं. प्रमाणित मापाचा हा आणखी एक फायदा.

पायरी ४: चाकू हातात घेऊन तपासा

शक्य असेल तर पहिला चाकू दुकानातूनच घ्या. ऑनलाइन घेतलात तरी घरी आल्यावर हेच तपासा आणि पटलं नाही तर परत करा.

आधी लॉक. चाकू पूर्ण उघडला की ‘खट्’ असा आवाज येऊन पकड जागेवर बसली पाहिजे. आता ब्लेड काढून ठेवा, नुसती उघडी पकड घ्या आणि तिची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबा. दाबताना बोटं पकडीच्या मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. लॉक सुटता कामा नये. सुटलं, किंवा सुटेलसं वाटलं, तरी तो चाकू नको. वापरताना मिटणाऱ्या चाकूने बोटांच्या आतल्या बाजूला जखम होते, आणि बोट वाकवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, तिथेच असतात.

लॉकचे तीन प्रकार नेहमी भेटतात. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी पकडीच्या मागे सरकते. मिटताना अंगठ्याने ती बाजूला करावी लागते, म्हणजे क्षणभर अंगठा ब्लेडच्या वाटेतच असतो. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते. बटण लॉकमध्ये बाजूला खटका असतो. लायनर लॉक स्वस्त चाकूंत सर्रास दिसतो आणि सरावाने तो काही वाईट नाही, पण नवशिक्याला मी बटण किंवा बॅक लॉक सुचवेन. बोटं वाटेपासून दूर ठेवणं सोपं जातं. तुम्ही डावखुरे असाल तर लायनर लॉक घेण्याआधी दहादा उघडून मिटवून पाहा. तो बहुधा उजव्या हाताच्या अंगठ्यासाठीच बनवलेला असतो.

मग ब्लेड किती हलतं ते. ब्लेड बसवून चाकू उघडा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत ब्लेडची पाठ धरून, धारेला स्पर्श न करता, डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित हालचाल सगळ्यांतच असते. पण ब्लेड खुळखुळत असेल, पुढे-मागे सरकत असेल, तर रेषेवर काप येणार नाही आणि ते कधीतरी निसटेलही. तुमच्या पाकिटातलं ब्लेड सोबत नेलं असेल तर तेच बसवून पाहा. चाकूबरोबर आलेलं ब्लेड नीट बसणारच; बाजारातलं बसतं का ते महत्त्वाचं.

ब्लेड सोडवण्याची पद्धत दोन तऱ्हेची: एक स्क्रूने आवळलेली आणि दुसरी बटणाची. स्क्रूची पकड घट्ट असते, ब्लेड हलत नाही, पण बदलायला दरवेळी स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागतो. बटणाचा चाकू क्षणात ब्लेड सोडतो. दिवसातून अनेकदा कापणाऱ्याने बटणाचाच घ्यावा. नुसतं अधूनमधून पार्सल उघडणाऱ्याला स्क्रूचा, चपटा, हलका चाकू खिशात जास्त सोयीचा पडतो. बटणाचा घेत असाल तर एक पाहा: चाकू कामासाठी मुठीत घट्ट धरल्यावर अंगठा किंवा तर्जनी त्या बटणावर येते का? येत असेल तर तो परत ठेवा.

मिटलेल्या अवस्थेतही तपासणी हवी. चाकू मिटवून, तोंड खाली करून झटका द्या. पकड उघडली नाही पाहिजे. मिटल्यावर ब्लेडचं टोक मुठीच्या आत पूर्ण गेलं पाहिजे. नखाएवढंही बाहेर डोकावत असेल तर ते खिशाचं अस्तर फाडेल आणि नंतर बोट.

मुठीत जादा ब्लेडं ठेवायची जागा असलेले चाकू जाड आणि जड होतात. घरात पाकीट असताना खिशात पाच ब्लेडं कशाला, असं मला वाटतं. पण साइटवर, शेतात, घरापासून लांब असणाऱ्याला ती जागा फार उपयोगी पडते. खिशाच्या कडेला अडकवायची क्लिप असेल तर ती घट्ट आणि गुळगुळीत हवी. सैल क्लिपचा चाकू स्कूटरवर बसता-उठता पडतो आणि तो कुणाच्या हाती लागेल हे आपल्या हातात राहत नाही. वजनाचा अंदाज दुकानात येत नाही; रोजच्या पँटच्या खिशात टाकून चार पावलं चालून पाहा.

पायरी ५: कुठे बाळगायचा, कुठे नाही

शस्त्र नियम, २०१६ मधल्या अनुसूचीत धारदार शस्त्रांच्या वर्गासाठी ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं माप दिलेलं आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. एक इंच धारेचा युटिलिटी चाकू त्या मापाच्या जवळपासही येत नाही. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सणासुदीला, मोर्चांच्या आणि निवडणुकीच्या काळात असे आदेश निघतात. त्यात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या यांच्याबरोबर शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला मनाई असते. तिथे पात्याचं माप पाहिलं जात नाही. त्या दिवसांत चाकू घरी किंवा हत्यारांच्या पेटीत असू द्या.

स्वसंरक्षणासाठी म्हणून हा चाकू घेत असाल तर घेऊच नका. हे कापण्याचं अवजार आहे. भांडणात तो बाहेर काढणाऱ्याची बाजू पोलीस चौकीतही पडते आणि कोर्टातही. याच कारणाने खटका दाबताच पातं झेपावणारे, रामपुरीची आठवण करून देणारे चाकू टाळा. मुठीचा रंग पिवळा, केशरी, लाल असेल तर उत्तम: पाहताक्षणी अवजार वाटतं आणि गवतात पडलं तरी सापडतं.

विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इनच्या सामानात नीट गुंडाळून ठेवा. पाकिटात किंवा दप्तराच्या कप्प्यात राहिलेलं एखादं सुटं ब्लेडही तपासणीत अडकतं, तेव्हा निघण्याआधी कप्पे चाचपा. मेट्रो, मॉल, मोठी देवस्थानं, परीक्षा केंद्रं, न्यायालय यांच्या दारातही तो अडवला जाईल असंच समजून चाला.

लंडनला किंवा ब्रिटनमध्ये कुठेही राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे जपून वाचा. तिथल्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १३९ नुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा खिशातला चाकू कारण न देता बाळगता येतो, पण उघडल्यावर लॉक होणारा चाकू त्या सवलतीत बसत नाही. घडीचे युटिलिटी चाकू जवळपास सगळे लॉक होणारेच असतात. म्हणजे धार एक इंचाची असली तरी, कामासारखं सबळ कारण नसताना तो रस्त्यात खिशात असणं हा गुन्हा ठरू शकतो. तिथे तो घरात किंवा कामाच्या पेटीत ठेवा.

पायरी ६: वापर आणि ब्लेड बदलणं

ब्लेड बदलताना घाई हे जखमेचं मुख्य कारण असतं. बसून करा, उजेडात करा, चाकू टेबलावर टेकवून करा. ब्लेड नेहमी पाठीकडून, म्हणजे धार नसलेल्या आखूड बाजूने धरा. नव्या ब्लेडवरचं तेल जाड कापडाने पाठीकडून धारेच्या दिशेने पुसा, धारेवरून लांबीला नाही. बसवल्यावर हलकं ओढून पाहा. खाच पकडीत बसली असेल तर ते येणार नाही.

कापताना वस्तू मांडीवर घेऊ नका, टेबलावर ठेवा. दुसरा हात ब्लेडच्या वाटेत नको: मागे किंवा बाजूला. जाड पुठ्ठा एका दमात कापायचा हट्ट नको. हलक्या हाताने त्याच रेषेवरून दोन-तीनदा फिरवा, काप सरळ येतो आणि ताबाही राहतो. सरळ रेषेसाठी स्टीलची पट्टी वापरा, प्लॅस्टिकच्या पट्टीवर ब्लेड चढतं. पार्सल उघडताना चाकू जवळजवळ आडवा धरून फक्त चिकटपट्टी कापा, म्हणजे आतली वस्तू वाचते.

चिकटपट्टीचा गोंद ब्लेडवर साचला की धार असूनही कापत नाही. कापडावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन पुसलं की गोंद सुटतो. पावसाळ्यात उघडझाप होते त्या सांध्यात आणि ब्लेडवर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब फिरवा. ब्लेड कधी बदलायचं? कागदाची कड धरून कापून पाहा. ब्लेड कागद ओढायला, फाडायला लागलं की उलटं करा. दुसरी बाजूही तशी झाली की काढा. काटकसर म्हणून रेटत राहू नका.

कापलंच तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्या, हात वर धरा आणि दहा मिनिटं उचलून पाहू नका. रक्त थांबलं नाही, बोट बधिर वाटलं किंवा नीट वाकत नसेल, तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.

पायरी ७: जुन्या ब्लेडचं काय करायचं

हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, आणि मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपला कचरा शेवटी कुणीतरी हाताने वेगळा करतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद घरोघर जाऊन कचरा घेतात, तो हाताने निवडतात. ओल्या कचऱ्यात किंवा पिशवीत सुटं टाकलेलं ब्लेड थेट त्यांच्या तळहातात जातं. कागदात गुंडाळूनही उपयोग नाही, कागद ओला होऊन सुटतो.

झाकणाचा एक पत्र्याचा डबा घ्या. औषधाचा, कॉफीचा, कसलाही चालेल. झाकणाला ब्लेड आत जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद करा. प्रत्येक जुनं ब्लेड, मोडत्या कटरचे तुकडेसुद्धा, त्याच चिरेतून आत टाका. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. घरच्या वापरात तो भरायला वर्षं लागतील. भरला की चीरही चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेडं आहेत, उघडू नये’ असं मराठीत आणि हिंदीत लिहा, आणि कचऱ्याच्या पिशवीत न टाकता कचरा घेणाऱ्या ताईंच्या किंवा भंगारवाल्याच्या हातात सांगून द्या.